शत्रूचा चेहरा कोण ठरवत होते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही सोव्हिएत काळातील राजकीय व्यंगचित्रांवर एक टिपण छापले होते आणि ‘क्रोकोदिल’ हे मॉस्कोचे व्यंगनियतकालिक, तसेच कम्युनिस्ट पक्षाचे ‘प्राव्दा’ व सरकारचे ‘इझ्वेस्तिया’ ही दैनिके यांतील परराष्ट्र राजकारणावरच्या काही चित्रांचा परिचय करून दिला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. अनेक पत्रांचा रोख सारखाच असल्यामुळे काही प्रश्न एकत्र केले आहेत, आणि जेथे चार ओळींत काम भागते तेथे उत्तर लांबवलेले नाही.

प्रश्न : टिपणातील एका चित्रात चर्चिल भाषण करताना दिसतात आणि त्यांच्या मागे हिटलर व त्याचा प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या सावल्या उभ्या आहेत. हिटलरशी पाच वर्षे लढलेल्या माणसाला हिटलरचाच वारस ठरवलेले पाहून सोव्हिएत वाचकाला काहीच खटकले नसेल का? (एक इतिहास शिक्षिका)

हे चित्र सोव्हिएत व्यंगचित्रकार बोरिस येफिमोव्ह यांचे आहे आणि ते समजण्यासाठी १९४६ सालच्या मार्च महिन्यातील दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. ५ मार्च रोजी चर्चिल यांनी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या फुल्टन या गावी भाषण केले, बाल्टिक समुद्रापासून एड्रियाटिक समुद्रापर्यंत युरोपवर पोलादी पडदा पडला आहे, म्हणजे पूर्व युरोप बाकीच्यांपासून तोडला गेला आहे, असे सांगितले आणि इंग्रजी बोलणाऱ्या राष्ट्रांनी एकत्र येण्याची गरज मांडली. ते त्या वेळी पंतप्रधान नव्हते, आदल्या वर्षीची निवडणूक हरून ते विरोधी बाकांवर बसले होते. पण अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन व्यासपीठावर उपस्थित होते आणि मॉस्कोच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. १४ मार्चच्या ‘प्राव्दा’त स्टालिनची मुलाखत प्रसिद्ध झाली. चर्चिल आणि त्यांचे मित्र आपल्याला हिटलर व त्याच्या मित्रांची आठवण करून देतात, असे त्याने त्या मुलाखतीत म्हटले आणि त्याचे कारणही दिले : हिटलरने जर्मन बोलणाऱ्यांना श्रेष्ठ ठरवून युद्धाची सुरुवात केली आणि चर्चिल तोच वंशवाद इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाबतीत मांडत आहेत.

आता चित्र नीट पाहा. चर्चिल यांच्याजवळ दोन झेंडे आहेत. एकावर पोलादी पडद्याचा उल्लेख आहे, जो त्यांच्या भाषणात खरोखरच होता. दुसऱ्यावर अँग्लो-सॅक्सन लोकांनी जगावर राज्य केले पाहिजे अशा अर्थाची घोषणा आहे, जी भाषणात कोठेही नव्हती. स्टालिनने त्या भाषणाचा जो अर्थ लावला तो मात्र नेमका तोच होता. म्हणजे चित्रातील चर्चिल अर्धे स्वतःचे आणि अर्धे स्टालिनचे बोलत आहेत, आणि दोन्ही मजकूर सारख्याच झेंड्यांवर असल्यामुळे पाहणाऱ्याला त्यांतील सांधा दिसत नाही. गोबेल्सची सावली तेथे चपखल बसते, कारण फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यानेही पोलादी पडद्याची हीच प्रतिमा आपल्या लेखात वापरली होती. सगळी मेख या दुसऱ्या झेंड्यात आहे असे आम्हांला वाटते.

खटकण्याबद्दल म्हणाल, तर दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. सोव्हिएत वाचकापर्यंत फुल्टनचे भाषण टीकेच्या वेष्टनातूनच पोहोचले होते, त्यामुळे पडताळून पाहण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. शिवाय चर्चिल हे त्याच्या दृष्टीने जुनेच शत्रू होते. १९१९ साली ब्रिटनचे युद्धमंत्री असताना रशियातील यादवी युद्धात बोल्शेव्हिकांविरुद्ध, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांविरुद्ध, हस्तक्षेप करण्याचा आग्रह त्यांनीच सर्वांत जोराने धरला होता. १९४१ ते १९४५ ही दोस्तीची चार वर्षेच अपवादाची होती, आणि व्यंगचित्राने अपवाद पुसून जुना चेहरा पुन्हा समोर आणला.

प्रश्न : कोणते चित्र काढायचे हे चित्रकार स्वतः ठरवत असत की वरून आदेश येत असे? (अनेक वाचक)

दोन्ही टोकांच्या मधला बराच मोठा पट्टा होता आणि बहुतेक काम त्या पट्ट्यातच चाले. ‘क्रोकोदिल’ १९२२ साली एका कामगार दैनिकाची पुरवणी म्हणून सुरू झाले आणि पुढे ‘प्राव्दा’च्या प्रकाशनसंस्थेकडे गेले. त्याच १९२२ साली ‘ग्लावलित’ हे सेन्सॉरचे खातेही स्थापन झाले. नियतकालिकाच्या कचेरीत विषयांच्या बैठका होत. विषय सुचवणारी मंडळी वेगळी असत आणि रेखाटणारे वेगळे. विषय बैठकीत मान्य झाला की तो एखाद्या चित्रकाराकडे सोपवला जाई, आणि बैठकीला बसलेल्या प्रत्येकाने त्या आठवड्यातला ‘प्राव्दा’चा अग्रलेख वाचलेला असे. अशा ठिकाणी रोजच्या रोज आदेश देण्याची गरजच पडत नाही. आदेश येत ते तंत्र ढिले पडले आहे असे वरिष्ठांना वाटले म्हणजे. १९४८ साली पक्षाच्या केंद्रीय समितीने ‘क्रोकोदिल’च्या कामावर असमाधान व्यक्त करणारा खास ठराव केला तो याच प्रकारचा.

कधी कधी मात्र आदेश थेट शिखरावरून येई. १९४७ सालची ही गोष्ट येफिमोव्ह यांनी स्वतःच उतारवयात सांगितली आहे. अमेरिकेच्या ध्रुवीय प्रदेशातील लष्करी हालचालींवर स्टालिनला चित्र हवे होते. प्रथम पक्षातील वरिष्ठ नेते झ्दानोव्ह यांनी येफिमोव्ह यांना बोलावून कल्पना समजावली आणि मग स्टालिनचा स्वतःचा फोन आला. जनरल आयसेनहॉवर फौजफाटा घेऊन बर्फाळ प्रदेशात पोहोचले आहेत आणि तेथे त्यांच्यासमोर शत्रू म्हणून काय आहे, तर आपल्या बर्फाच्या घरासमोर उभे असलेले एस्किमो आणि ध्रुवीय अस्वले, अशी ती कल्पना होती. येफिमोव्ह यांनी चित्र काढून पाठवले, आणि स्टालिनने पेन्सिल हातात घेऊन त्याचे शीर्षक व खालचा मजकूर स्वतः दुरुस्त केला. मग ते ‘प्राव्दा’त छापून आले. कल्पना, शीर्षक आणि ओळी एका माणसाच्या, रेषा दुसऱ्याच्या. सही अर्थातच रेषावाल्याची.

या प्रसंगाकडे केवळ गमतीदार किस्सा म्हणून पाहता येत नाही, कारण फोनच्या दोन टोकांना कोण होते हे ठाऊक असावे लागते. येफिमोव्ह यांचे सख्खे भाऊ मिखाईल कोल्त्सोव्ह हे त्या काळातील नामवंत पत्रकार आणि काही वर्षे ‘क्रोकोदिल’चे संपादक होते. डिसेंबर १९३८ मध्ये त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ज्याच्या राजवटीने भाऊ मारला त्याच्या फोनवर चित्रकार चित्र काढत होता, आणि १९५० व १९५१ साली त्याच राजवटीकडून त्याला स्टालिन पारितोषिकही मिळाले. येफिमोव्ह २००८ साली, वयाच्या १०८ व्या वर्षी वारले. त्यांना भित्रा म्हणावे की चतुर, हा प्रश्न आम्हांला विचारला गेला आहे. सुरक्षित खुर्चीत बसून त्याचा निवाडा करण्याची आमची तयारी नाही.

प्रश्न : मित्र एका रात्रीत शत्रू होई तेव्हा चित्रांचे काय होत असे? (राज्यशास्त्राचा एक विद्यार्थी)

या चित्रांतील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. २८ जून १९४८ रोजी कॉमिन्फॉर्मने, म्हणजे युरोपातील कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोनिष्ठ संघटनेने, युगोस्लाव्ह पक्षाची हकालपट्टी जाहीर केली. त्या दिवसापर्यंत युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटो हे नाझींशी लढलेले वीर होते. त्यानंतर ते पदकांनी लगडलेला गणवेश चढवलेले, ठेंगणे, लठ्ठ आणि हातात रक्ताने माखलेली कुऱ्हाड घेतलेले खाटीक झाले. कधी कधी अमेरिकेने साखळीला बांधलेला कुत्रा झाले. विशेष म्हणजे हा टिटो फक्त मॉस्कोत दिसत नव्हता. बुडापेस्टचे ‘लुडाश माती’, बुखारेस्टचे ‘उर्झिका’, सोफियाचे ‘स्टर्शेल’ या सगळ्या व्यंगपत्रांत तोच गणवेश, तीच कुऱ्हाड आणि तोच पट्टा फिरत होता. एरवी या देशांची विनोदाची परंपरा एकमेकांपासून कितीतरी निराळी आहे. हंगेरियन व्यंगचित्र आणि बल्गेरियन व्यंगचित्र सहसा ओळखू येते. या विषयावर मात्र चित्राखालची भाषा झाकली तर ते कोणत्या राजधानीतले आहे हे सांगणे अवघड जाते.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला. २६ मे १९५५ रोजी नवे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह युगोस्लाव्हियाच्या राजधानीत, बेलग्रेडच्या विमानतळावर, उतरले आणि झाल्या प्रकाराचे खापर त्यांनी स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्यावर फोडले, ज्याला १९५३ सालीच गोळ्या घातलेल्या होत्या. कुऱ्हाड चित्रांतून नाहीशी झाली. सात वर्षे जे चित्र चालवले त्याबद्दल चित्रकारांनी काही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. वितुष्ट आणि सलोखा या दोहोंमध्ये टिटो यांचे नाक, पोट किंवा स्वभाव यांत काडीचाही बदल झालेला नव्हता.

त्याआधीचे उदाहरण १९३९ सालचे आहे. ऑगस्टच्या २३ तारखेला जर्मनीशी अनाक्रमण करार झाला आणि वर्षानुवर्षे हिटलर रेखाटणाऱ्यांच्या हातून हिटलर काढून घेण्यात आला. युद्धखोर म्हणून आता ब्रिटन आणि फ्रान्स चित्रांत येऊ लागले. मग २२ जून १९४१ रोजी जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत घुसल्या. कुप्रियानोव्ह, क्रिलोव्ह आणि सोकोलोव्ह हे तिघे चित्रकार ‘कुक्रीनिक्सी’ या एकाच सहीने काम करत. त्यांनी युद्ध सुरू होताच काढलेले भित्तिपत्रक पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यात अनाक्रमण कराराचा कागद फाडून हिटलरचे डोके पलीकडून बाहेर आले आहे, त्याचा मुखवटा खाली पडला आहे आणि लाल सैनिकाने त्याच्या कपाळात संगीन खुपसली आहे. करार कोणी मोडला हे चित्र ठणकावून सांगते, आणि त्यात असत्य काही नाही. बावीस महिने तो कागद मॉस्कोनेही छातीशी धरला होता, हे मात्र त्यात दिसत नाही.

प्रश्न : सोव्हिएत नेत्यांची व्यंगचित्रे निघत असत का?

सत्तेवर असलेल्यांची नाही. चित्रात सोव्हिएत बाजू आलीच तर ती अर्कचित्राच्या रूपात येत नसे. कामगार किंवा सैनिक प्रमाणबद्ध, धिप्पाड आणि शांत असे, आणि त्याच्या बुटाएवढा शत्रू खाली वळवळत असे. सत्तेवरून घसरलेल्यांना हे संरक्षण नव्हते. येफिमोव्ह यांच्या १९२४ सालच्या चित्रसंग्रहाला ट्रॉट्स्की यांची, म्हणजे पुढे स्टालिनशी सत्तासंघर्षात हरलेल्या क्रांतिनेत्याची, प्रस्तावना होती. पुढे त्याच ट्रॉट्स्कींना त्यांनी नाझींचा हस्तक म्हणून रेखाटले.

प्रश्न : अमेरिकन माणूस म्हणजे उंच टोपी, पट्ट्यापट्ट्यांची विजार आणि डॉलरची थैली, हे ठोकळे कोठून आले? आणि त्यांत सत्याचा अंश किती होता?

ठोकळे बहुतेक पश्चिमेचेच आहेत. अमेरिकेचे प्रतीक असलेला अंकल सॅम अमेरिकेतच जन्मला, इंग्लंडचे प्रतीक असलेला जॉन बुल इंग्लंडमध्ये, आणि उंच टोपी घातलेला ढेरपोट्या भांडवलदार युरोपातील समाजवादी पत्रांत १९१७ च्या आधीपासूनच वावरत होता. व्हिक्टर देनी आणि दिमित्री मूर या सोव्हिएत चित्रकारांनी यादवी युद्धाच्या काळात भित्तिपत्रकांसाठी त्यांना रशियन रंगरूप दिले. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही शत्रू दुरून ओळखता यावा ही तेव्हाची खरीखुरी गरज होती, त्यामुळे भडक रंग आणि ठरावीक खुणा यांना त्या वेळी काही अर्थ होता. शीतयुद्धाच्या काळात वाचक साक्षर झाला तरी खुणा तशाच राहिल्या, फक्त त्यांत भर पडत गेली : १९४९ साली नाटो ही पाश्चात्त्य राष्ट्रांची लष्करी संघटना स्थापन झाल्यावर तिची आद्याक्षरे, बगलेत अणुबॉम्ब धरलेला जनरल, आणि १९५५ साली पश्चिम जर्मनी नाटोत गेल्यावर पुन्हा पुन्हा दिसणारे जुने जर्मन शिरस्त्राण. त्याच १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी पिकासो यांचे कबूतर वापरले गेले आणि तेव्हापासून सोव्हिएत बाजूलाही एक कायमचे पात्र मिळाले.

सत्याच्या अंशाबद्दल आमचे मत काही वाचकांना रुचणार नाही. ही चित्रे जेथे खरे बोलत तेथेच ती सर्वांत परिणामकारक होती. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याचे प्रकार खरे होते. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवण्यासाठी अध्यक्ष आयसेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले, हेही खरे होते, आणि सोव्हिएत प्रचाराला त्यावर फारशी कल्पकता खर्च करावी लागली नाही. आफ्रिकेतील वसाहतींच्या लुटीवरच्या चित्रांचीही तीच गोष्ट आहे. जो देश नुकताच स्वतंत्र झाला होता तेथील वाचकाला ही चित्रे आपलीच वाटली तर त्याला भोळा म्हणता येणार नाही. पण लिटल रॉकच्या जेमतेम वर्षभर आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांवर शिरले होते, आणि त्या रणगाड्यांचे व्यंगचित्र मॉस्कोत कोणी काढले नाही. दुसऱ्याच्या घरातील खरी घाण दाखवणे आणि आपल्या घराचा दरवाजा बंद ठेवणे, हे या प्रचाराचे मुख्य तंत्र होते. निव्वळ थापा तुलनेने कमी होत्या.

एका बाबतीत मात्र एवढीही सबब चालत नाही. जानेवारी १९५३ मध्ये ज्यू डॉक्टरांवर कटाचा खोटा आरोप ठेवण्यात आला तेव्हा आणि पुन्हा १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, सोव्हिएत व्यंगचित्रांनी ज्यूंची जी नाके, जी बोटे आणि जे जाळे विणणारे कोळी रेखाटले, ते ज्यूद्वेषी चित्रांच्या जुन्या युरोपीय साठ्यातून जसेच्या तसे उचललेले होते. झिओनिझमवरील, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीवरील, टीका हे त्याचे अधिकृत नाव होते. नाझींच्या गुन्ह्यांवर ज्या पिढीने जळजळीत चित्रे काढली, त्याच पिढीच्या देखत हे चालले.

प्रश्न : पाश्चात्त्य व्यंगचित्रकार तरी कोठे धुतल्या तांदळासारखे होते? मग सोव्हिएत चित्रांनाच प्रचार का म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे. रशियन अस्वल, रक्ताळलेला पंजा आणि हातोडा-कोयत्याचा जबडा हे पश्चिमेतील ठोकळेही काही कमी झिजलेले नव्हते. चित्रामुळे परकी सरकारे चिडणे हेही दोन्हीकडे होते. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी मॉस्कोला पाठवलेल्या निषेधाच्या खलित्यात ‘इझ्वेस्तिया’तील येफिमोव्ह यांच्या एका चित्राची तक्रार होती, लिथुआनियातील कम्युनिस्टांना झालेल्या मृत्युदंडावर चेंबरलेन टाळ्या वाजवत आहेत असे त्यात दाखवले होते. दहा वर्षांनी उलट दिशेने तक्रार झाली. लंडनचे व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या हिटलरवरील चित्रांनी बर्लिन संतापले आणि ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांच्यामार्फत लो यांना जरा सबुरीने घेण्याची सूचना मिळाली. लो यांनी काही काळ ती पाळली आणि हिटलर व मुसोलिनी यांची सरमिसळ असलेले एक काल्पनिक पात्र तयार करून वेळ मारून नेली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाल्यावर त्यांनी ते सोडून दिले.

फरक आहे तो इथे. लो यांच्यावर दबाव आला, ते काही पावले मागे हटले आणि मग सरकारचे धोरण न बदलताही पुढे सरकले. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडच्या प्रेतावरून हिटलर आणि स्टालिन एकमेकांना लवून अभिवादन करत आहेत असे चित्र त्यांनी लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये काढले. त्याच महिन्यात मॉस्कोत येफिमोव्ह किंवा कुक्रीनिक्सी यांना, त्यांच्या हातात तितकेच कसब असूनही, ते काढता येणे शक्य नव्हते. एका चित्रकाराचा पूर्वग्रह हा त्याच्याच शेजारच्या वर्तमानपत्रातील दुसऱ्या चित्रकाराच्या पूर्वग्रहाने खोडला जाऊ शकतो. सगळ्या चित्रकारांचा पूर्वग्रह एकाच सकाळी एकाच दिशेने वळतो, तेव्हा त्याला प्रचार म्हणण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रश्न : शत्रूही कम्युनिस्टच असेल तर काय करत? चीनचे उदाहरण द्याल का?

तेथे चित्रकारांची खरी पंचाईत झाली. १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि चिनी कामगार खांद्याला खांदा लावून भित्तिपत्रकांवर उभे होते, आणि कोरियाच्या युद्धात दोन्हीकडच्या चित्रांतील अमेरिकन सैनिक तंतोतंत सारखा होता. मॉस्को आणि चीन यांच्यात वाद सुरू झाल्यावर काही वर्षे तो लेखांपुरताच राहिला. ज्याच्या छातीवर आपलाच तारा आहे त्याचे विद्रूप चित्र काढायचे कसे, ही अडचण दोघांनाही होती. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतील दमान्स्की बेटावर, ज्याला चिनी लोक झेनबाओ म्हणतात, दोन्ही देशांच्या सैनिकांत गोळीबार होऊन माणसे मेली, तोपर्यंत ही भीड पुरती चेपली होती. चिनी प्रचाराने मॉस्कोच्या नेत्यांना ‘नवे झार’ ठरवले आणि १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात घुसलेले रणगाडे, जे मॉस्कोच्या चित्रांत कधीच आले नव्हते, ते पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) प्रचारात ठळकपणे आले. उलट ‘क्रोकोदिल’मध्ये माओ यांची लाल पुस्तिका आणि त्यांची व्यक्तिपूजा थट्टेचा विषय झाली, ज्या देशात स्टालिनचे पुतळे चौकाचौकांत उभे राहिले होते तेथील नियतकालिकाला हा विषय सुचावा, यातली विसंगती वाचकांनीच पाहावी. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन पेकिंगला गेले, तेव्हा सोव्हिएत चित्रकारांची राहिलेली अडचणही सुटली, कारण आता माओ यांच्या शेजारी उभी करायला अंकल सॅमची जुनी उंच टोपी हाताशी होती.